विक्रमी मत्स्योत्पादनात समुद्राचा वाटा किती?

प्रश्न : गेली चाळीस वर्षे मी स्वतः बाजारातून मासळी आणते. पूर्वी आठवड्याला एकदा तरी घरात येणारे पापलेट आता पाहुणे आले तरच येते आणि बांगडे वीतभरही नसतात. वर्तमानपत्रांत मात्र देशाच्या मत्स्योत्पादनाने नवा विक्रम केल्याची बातमी दरवर्षी असते. आमच्या अनुभवावर विश्वास ठेवावा की बातमीवर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बातमीतील आकडा चुकीचा नसतो, परंतु तो गोड्या पाण्यातील आणि समुद्रातील मासळीची बेरीज असतो. या दोहोंची वाटचाल फार वेगळी झाली आहे. १९५०-५१ मध्ये देशात साडेसात लाख टन मासळी मिळत असे आणि तीतील ५.३४ लाख टन, म्हणजे सुमारे ७१ टक्के, समुद्राची होती. २०२२-२३ मध्ये एकूण उत्पादन १७५.४५ लाख टनांवर गेले, त्यात समुद्राची मासळी ४४.३२ लाख टन होती. म्हणजे तिचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा उरला. विक्रम होतात ते मुख्यतः आंध्र प्रदेशासारख्या राज्यांतील तलावांत वाढवलेल्या रोहू-कटल्यामुळे. त्या मासळीने देशाची मोठी गरज भागवली आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु आपण बाजारात शोधता ते पापलेट तलावातून येत नाही.

समुद्राच्या मासळीत सुरुवातीच्या चार दशकांत खरोखर मोठी वाढ झाली. १९५३ मध्ये नॉर्वेच्या मदतीने केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांचा प्रकल्प सुरू झाला, सुती जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, कोळंबीला परदेशात भाव मिळू लागल्यावर ट्रॉलरची, म्हणजे मोठे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक होड्यांची, संख्या वाढत गेली आणि १९९०-९१ पर्यंत समुद्रातील उत्पादन सुमारे २३ लाख टन झाले. त्यानंतर वाढीचा वेग मंदावला. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातील बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचा वेगळा अंदाज दरवर्षी काढते. तिच्या अंदाजानुसार २०१२ मध्ये ३९.४ लाख टन मासळी किनाऱ्यावर उतरली, २०२४ मध्ये ३४.७ लाख टन. या काळात लोकसंख्या वाढत राहिली, त्यामुळे दरडोई हिशेब केला, तर २०१२ मध्ये वर्षाला माणशी तीन किलोंहून थोडी अधिक मासळी येत होती, ती आता अडीच किलोंच्या आत आली आहे. हे वजन डोके, काटे आणि खवल्यांसकट आहे.

ही अडीच किलो मासळीसुद्धा सगळी ताटात येत नाही, आणि मला सर्वांत अधिक चिंता याच गोष्टीची वाटते. ट्रॉलरच्या बारीक आसाच्या जाळ्यात मोठ्या मासळीबरोबर तिची पिल्लेही येतात. एके काळी ती समुद्रातच टाकून दिली जात. आता त्यांना फिशमीलच्या कारखान्यात गिऱ्हाईक आहे. तेथे त्यांची भुकटी होऊन ती कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाते. बंदरावर या मासळीची नोंद उत्पादन म्हणूनच होते, त्यामुळे आकडा टिकून दिसतो. परंतु वर्ष-दोन वर्षांनी पूर्ण वाढून बाजारात आली असती, ती मासळी भुकटीच्या पोत्यांत गेलेली असते. आपल्याला बांगडे लहान दिसतात, त्याच्या कारणांमध्ये हे एक आहे.

कोणती मासळी घटली, हेही पाहावे लागते. तारली हा गरिबांचा मासा, स्वस्त आणि तेलाने समृद्ध. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. एल निनोच्या काळात समुद्राच्या तापमानात झालेले बदल आणि कोवळ्या तारलीचा बेसुमार उपसा ही त्याची कारणे सांगितली जातात. २०२३ मध्ये तारली पुन्हा लाख टनांच्या वर गेली, हे खरे. परंतु इतक्या मोठ्या चढउतारात रोज दहा-वीस रुपयांची मासळी घेणाऱ्या घराने काय करावे, याचे उत्तर सरासरीच्या आकड्यात सापडत नाही.

आपल्या महाराष्ट्रात २०१९ मध्ये अवघी २.०१ लाख टन मासळी उतरली. ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या हंगामात अरबी समुद्रात एकामागून एक वादळे आली आणि होड्या बंदरांत अडकून पडल्या. कोळी बांधव मत्स्यदुष्काळ हा शब्द वापरतात, तो अशाच वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे. सातपाटीसारख्या गावाची ओळखच सरंग्यावर, म्हणजे आपल्या पापलेटावर, उभी आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदी आधीपासून आहेच. माझ्या मते या दोहोंपैकी आकाराचा नियम अधिक महत्त्वाचा आहे, कारण बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात पिल्लेच पकडली गेली, तर दोन महिन्यांच्या विश्रांतीचा बराच लाभ वाया जातो. परंतु नियम पाळला जातो की नाही, हे बंदरावरच्या तपासणीवर अवलंबून आहे. आपल्यासारख्या ग्राहकांनी तळहाताहून लहान पापलेट नाकारले, तर त्या तपासणीला मोठे बळ मिळेल.

प्रश्न : नागपुरात आता दहा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मासळी मिळते. मग समुद्राची मासळी कमी होते आहे, हे कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपुरात आपण पाहता ती बहुतेक मासळी तळ्यांतील आणि धरणांतील असते, बर्फाच्या पेट्या, चांगले रस्ते आणि तळ्यांतील वाढते उत्पादन यांमुळे ती आपल्यापर्यंत पोहोचू लागली. देशातील माणशी मासळीचा वार्षिक खप २००५-०६ मध्ये सुमारे पाच किलो होता, तो २०१९-२१ पर्यंत नऊ किलोंच्या जवळ गेला, आणि वर दिलेल्या हिशेबावरून दिसेल, की ही वाढ समुद्रातून आलेली नाही.

विदर्भाच्या ताटात समुद्र पूर्वीपासून येत असे तो सुक्या मासळीच्या रूपाने. आठवडी बाजारातील सुकट आणि सुके बोंबील हे मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत, सापडणाऱ्या जवळ्याचे (अगदी बारीक कोळंबीचे) आणि बोंबलांचे असतात. बोंबील मुख्यतः जवळ्यावर जगतो, त्यामुळे जवळा कमी झाला तर दोन्ही टोपल्या रिकाम्या होतात. म्हणून ताज्या मासळीची आवक वाढलेली दिसत असली, तरी आपल्या गावच्या बाजारात सुक्या बोंबलाचा भाव गेल्या दहा वर्षांत कसा बदलला, हे विक्रेत्या मावशींना अवश्य विचारावे. समुद्रातील मासळीचे नागपुरात दिसणारे माप तेच आहे.