पाट्यांच्या थारला आरामदायी शॉक कोणते?

जुनी थार, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), कोल्हापूर–गगनबावडा नेहमीची ये-जा आणि अधूनमधून कच्चा रस्ता, एवढाच वापर असेल तर कमी दाबाच्या गॅसचे ट्विन-ट्यूब (नळीच्या आत नळी असलेले) शॉक अॅब्सॉर्बर घ्या. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक, लवकर थंड होतो, खडकाळ वाटेवर तासन्‌तास दम टिकवतो. पण आत गॅसचा दाब जास्त, त्यामुळे रिकाम्या गाडीत बारीकसारीक खड्डेही कमरेपर्यंत पोचतात. 'हेवी ड्युटी' म्हणून विकले जाणारे तर विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), लोखंडी बंपर असलेल्या वजनदार गाड्यांसाठी. ते नकोतच.

पैसे घालण्याआधी पाटे बघा, हे कळकळीने सांगतो. पाट्याच्या पानांमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांमध्ये, गंज धरला असेल तर पाटा दबतच नाही आणि शॉक कितीही भारी असला तरी गाडी आपटतेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपच्या भागात, पाटे उतरवून, घासून, ग्रीस भरून घ्या. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश बदला. टायरमधली हवाही थंड असताना कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा.

गाडी सपाट जागी उभी करून शॉकच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. ते शॉकच्या पूर्ण उघड्या आणि पूर्ण मिटलेल्या लांबीच्या साधारण मधोमध यायला हवं. लिफ्ट नसताना, म्हणजे गाडी उंच करून घेतलेली नसताना, लांब शॉक बसवला तर खड्ड्यात तो तळाला ठोकतो.

शॉक बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदला. बसवण्याआधी ट्विन-ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-सोडा, म्हणजे आडवा ठेवल्याने तेलात शिरलेली हवा निघते. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच. जॅकवर आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.