विश्वास आणि रोजचा संसार : वाचकांचे प्रश्न

ख्रिस्ती घरांतून या वेळी आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे: देवावर भरवसा ठेवायचा तर आपण किती करायचे आणि त्याच्यावर किती सोपवायचे? प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नावे छापलेली नाहीत.

कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो, पाळी दर आठवड्याला बदलते. कुटुंबप्रार्थना चार दिवस चालते आणि बंद पडते. चौदा वर्षांचा मुलगा तर मध्येच उठून जातो. काय करावे? (छत्रपती संभाजीनगर)

प्रार्थना बंद पडते याचे कारण विश्वासाची कमतरता नाही, वेळापत्रक आहे. रोज रात्री आठ वाजता असे ठरवले की दुसऱ्या पाळीच्या पहिल्याच दिवशी ते मोडते, आणि एकदा मोडले की पुन्हा सुरू करायची लाज वाटते. म्हणून प्रार्थना घड्याळाला बांधू नका, ताटाला बांधा. ज्या जेवणाला घरातली जास्तीत जास्त माणसे एकत्र बसतात, त्याच्या आधी दहा ते बारा मिनिटे. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचे जेवण जमते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही घरी नसता, तेव्हा तुमच्या पत्नीने किंवा मुलाने प्रार्थना चालवावी. तुम्ही त्या दिवसाचा अध्याय दुपारी निघण्याआधी फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. रात्री मुले तोच ऐकतील. वडील घरी नसताना वडिलांच्या आवाजातले शास्त्र ऐकणे मुलांच्या फार लक्षात राहते.

बारा मिनिटे अशी वाटा: ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, मग त्या दिवसाच्या अध्यायाचे वाचन (मोठ्याने वाचले तर साधारण चार-पाच मिनिटे लागतात), एक मिनिट शांतता, प्रत्येकाची एक विनंती आणि एक आभार, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरुवात करू नका. निम्मे निर्गम संपून निवासमंडपाची मापे लागली की गाडी अडते, आणि लेवीयात थांबते. नव्या करारातले मार्काचे शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट झपाझप पुढे जाते. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बरोबर बावन्न आठवडे होतात आणि दोन दिवस सुटलेले वाचन भरून काढायला मिळतात. लूकचा पहिला अध्याय ८० ओव्यांचा (वचनांचा) आहे, तो तीन दिवसांत वाचा.

आता मुलगा. तो उठून जातो ते बहुधा प्रार्थनेत त्याची झडती होते म्हणून. “हे प्रभू, या घरातल्या मुलांना आज्ञाधारक बुद्धी दे” हे तो टोमणा म्हणूनच ऐकतो, आणि त्याचे चूक नाही. मुलांना बोलायचे ते त्यांच्याशी बोला, देवाच्या आडून बोलू नका. आठवड्यातून एक दिवस अध्याय निवडायचे आणि प्रार्थना चालवायचे काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या. त्या दिवशी ती चार मिनिटांत आटोपली तरी काही म्हणू नका.

सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे, इन्सुलिन चालू आहे. एका प्रार्थनासभेत त्यांना सांगण्यात आले की खरा विश्वास असेल तर सुई बंद करा. त्या तसे करायचे म्हणतात. त्यांचा विश्वास दुखावता येत नाही. (जालना)

सुई बंद करू देऊ नका. हे आम्ही शास्त्राच्या आधारानेच सांगतो. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाला देवाचे वचन सांगितले की तू बरा होशील, आणि त्याच वेळी गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे २०:७). वचन आणि लेप एकाच तोंडून आले. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. सासूबाईंना मार्क १:४४ वाचून दाखवा. प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केले आणि पाठवले कुठे? याजकाकडे, तपासून घ्यायला. त्या काळी शुद्ध झाल्याचा निर्णय याजक देत असे. साखरेचा निर्णय आज रक्ताच्या तपासणीतून होतो. देवाने बरे केले असेल तर ते तपासणीत दिसेल आणि डॉक्टर स्वतःच डोस कमी करतील. खऱ्या आरोग्यदानाला तपासणीचे भय नसते.

घोटाळा कुठे होतो तेही समजून घ्या. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला बरे वाटते, कारण गोळी काम करत असते. ती बंद केल्यावरही काही दिवस बरेच वाटते. दाब वाढत असतो, पण तो बहुतेकांना जाणवत नाही. त्या चार दिवसांतच माणूस सभेत उभा राहून साक्ष देतो. इन्सुलिन बंद केले तर त्याहून लवकर बिघडते. खूप तहान, उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी दिसली तर थेट दवाखान्यात न्या. एखादी सुई चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

उपवासप्रार्थनेचेही तसेच. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नये. रक्तातली साखर फार उतरून घाम सुटला, हात थरथरू लागले तर शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. सासूबाईंना उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी टीव्ही आणि फोन बंद ठेवू द्या. उपवासाचा अर्थ त्यातही पुरा होतो.

त्यांचा विश्वास दुखवायची गरज नाही, त्याला वाट द्यायची आहे. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे आहे. पाळकसाहेबांना आणि दोन वडीलजनांना घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या. औषध फेकून द्या असे त्या ओवीत कुठेही नाही. सकाळची सुई देताना आधी एक ओळीची प्रार्थना करायची सवय लावा. दोन्ही गोष्टी एकाच हातून येतात हे त्यांना रोज दिसू दे.

मुलगा जहाजावर आहे. रात्री दोनला जाग येते आणि काळजाचे पाणी होते. जपमाळ म्हणते तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी आहे का? (वसई)

नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने तीच प्रार्थना तीनदा केली, आणि तीही व्याकूळ होऊन. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. भीती घेऊन देवाकडे जाणे हाच भरवसा. उशाशी वही ठेवा. रात्री जे मनात येते ते लिहा आणि त्यातले उद्या आपल्या हातून होण्यासारखे काय, एवढ्याच खाली रेघ मारा. मुलाशी आठवड्याचा एक ठरलेला वार आणि वेळ बोलून घ्या, म्हणजे मधल्या दिवसांत फोन आला नाही तर मन वाईटाकडे धावणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

“उद्याची चिंता करू नका” असे प्रभू म्हणतो. मग विमा काढणे, पैसे साठवणे हा अविश्वास नाही का? (सोलापूर)

निर्गमाचा सोळावा अध्याय पाहा. मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेले अन्न, माणशी एक ओमर (एक माप), रोजच्यापुरताच गोळा करायचा होता. ज्यांनी भीतीने सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, आणि तो सकाळी ताजाच राहिला. साठवण दोन्हीकडे झाली. एकीकडे तिच्यामागे भीती होती, दुसरीकडे आज्ञा.

आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. विधवा मुलींसाठीचे त्यांचे शारदा सदन १८८९ साली सुरू झाले तेव्हा अमेरिकेतल्या मदतमंडळाने दहा वर्षांसाठी साहाय्य कबूल केले होते. मुदत संपण्याची वाट न पाहता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहीर खणवली, फळझाडे लावली. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या मुलींना आसरा द्यायला तीच जागा तयार होती. प्रार्थनेवर इतके जगलेले माणूस मराठी मुलखात विरळाच, आणि तरी विहीर वेळेवर खणलेली होती.

मुदतीचा साधा आयुर्विमा, आरोग्यविमा आणि तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक एवढे प्रत्येकाने करावेच. मात्र साठवलेल्या पैशाचा आकडा रोज उघडून पाहावासा वाटू लागला, तर तिथे थांबून विचार करा.

मेहुणे पतसंस्थेतून पाच लाख काढत आहेत, मला जामीन राहा म्हणतात. “ख्रिस्ती भाऊ भावाला नाही म्हणत नाही” असा आग्रह आहे. (श्रीरामपूर)

नाही म्हणता येते. नीतिसूत्रे ६:१-५ सांगते की जामीन राहून अडकला असाल तर झोपही न घेता स्वतःला सोडवा. २२:२६-२७ त्याहून स्पष्ट आहे: फेडायला काही नसेल तर अंगाखालची खाटही जाईल. कायदाही तेच म्हणतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. “सही फक्त नावाला” असे कधीच नसते. मेहुण्यांचे हप्ते थकले तर संस्था तुमच्या पगारापर्यंत येऊ शकते.

पण शास्त्रात दुसरी बाजूही आहे. फिलेमोनाला लिहिताना पौल त्याच्या घरून गेलेल्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, म्हणतो, त्याचे काही देणे असेल ते माझ्या नावे मांड, मी फेडीन. आणि हे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. तो भिडेखातर सही करत नाही, फेडायच्या तयारीने करतो. तुमच्यासाठीही कसोटी तीच. पाच लाख आणि व्याज उद्या तुम्हालाच भरावे लागले, तर घर चालेल का? पत्नीसह बसून, करार पूर्ण वाचून, आकडे कागदावर मांडून ठरवा. चालणार नसेल तर सही नको. त्याऐवजी जमेल ती रक्कम, दहा हजार का होईना, परत न मागायच्या बोलीवर द्या. त्याने नाते टिकते. थकलेल्या हप्त्यांनी मात्र सख्खे भाऊ एका बाकावर बसेनासे होतात.

दशांश हातात येणाऱ्या पगारावर द्यावा की कपातीपूर्वीच्या? आईच्या औषधांना पैसे कमी पडतात, तरी मंडळीला पूर्ण द्यायचा का? (पुणे)

आईची औषधे आधी. मार्क ७:११ मध्ये प्रभूने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले आहे: आईबापांचे देणे “कुर्बान” म्हणून देवाला वाहिले असे सांगून त्यांना उपाशी ठेवणारे लोक. हातातल्या पगारावर द्या. २८,००० येत असतील तर २,८०० होतात. सध्या औषधांना २,००० लागत असतील तर पाकिटात ८०० घाला आणि अपराधी वाटून घेऊ नका; परिस्थिती सुधारली की वाढवा. दहावा भाग भरायला उसने काढू नका, आणि दिल्याने दुप्पट मिळते असे कोणी सांगितले तर तो सौदा आहे, अर्पण नव्हे.

पौलाने करिंथकरांना सांगितलेली रीत सोपी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ. १६:२). पगार झाला त्याच दिवशी चार पाकिटांत वाटून ठेवा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटले तर काही उरत नाही. शेती असलेल्यांना दरमहा आकडा काढता येत नाही. त्यांनी पीक विकल्यावर बियाणे, खते आणि मजुरी वजा करून हिशेब करावा आणि सुगीच्या उपासनेला पायलीभर ज्वारी किंवा भाजीची पाटी न्यावी. तिथल्या लिलावात ती शंभर रुपयांना गेली काय आणि हजाराला गेली काय, देवासमोर ती पाटीच आहे.