चढत्या ओळीतला आठ गेला कुठे?

प्रश्न : सर, नमस्कार. माझी नात सातवीत आहे. भावाच्या कॉम्प्युटरवर तिने १११ ला १११ ने गुणलं, १२३२१ आलं. एकेक 'एक' वाढवत नऊ एकांपर्यंत गेली आणि १२३४५६७८९८७६५४३२१ बघून घरभर नाचली. दहा एकांना मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ आलं. 'आजी, चढताना आठ कुठे गेला? गणित बिघडलं का?' म्हणून हिरमुसली आहे. तिला काय सांगू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी तिला माझी शाबासकी सांगा. आठ नाही हे तिला दिसलं, हेच मला फार मोलाचं वाटतं. बिघडलं काहीच नाही.

कॉम्प्युटर बंद करून चौकटीची वही घ्या. १११ खाली १११, एका चौकटीत एक आकडा. तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभं मोजा : पहिल्या घरात एक 'एक', मग दोन, तीन, पुन्हा दोन, एक. झाले १२३२१! उत्तरातला आकडा म्हणजे त्या घरात साठलेले 'एक'. नऊ एकांना मधल्या घरात नऊ साठतात, तिथवर हातचा लागत नाही.

दहा एकांना मधल्या घरात दहा साठतात. शून्य मांडलं, हातचा एक. डावीकडच्या घरात नऊ होते, ते दहा झाले. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होता, तो नऊ झाला. आठ हरवला नाही, ताई, त्याला हातचा मिळाला. आपण दहावर हातचा घेतो म्हणून हे दहा एकांना घडलं. बारावर घेत असतो तर अकरा एकांपर्यंत ओळ सरळ चालली असती.

नऊ एकांची ती संख्या मला स्वतःला फार प्रिय आहे. सतरा अंकी, म्हणजे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांच्या नावांप्रमाणे पहिला १ 'मध्य' स्थानी. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भागही जातो. तिच्या मुळाशी १११११११११, म्हणजे ९ × १२३४५६७९. इथेही आठ नाही! पुढे १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७, आणि या दोन्ही मूळ संख्या.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर एकांच्या गुणाकारातून येणाऱ्या या संख्यांच्या मागे लागले होते. कल्पना सुचली त्या डेमलो स्टेशनचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं, नाव त्यांनी यांना दिलं : डेमलो संख्या. शाळामास्तरांचं हे काम नातीला जरूर सांगा.

आता अकरा एकांचा गुणाकार तिने हाताने करावा. मधल्या घरात अकरा साठतील. हातचे पेन्सिलीने वर लिहायला सांगा, आणि ते पान मला पाठवा.