मागचे इंडिकेटर बदलायच्या आधी वाच

भावा, ते लाल इंडिकेटरवाले टेललॅम्प घ्यायच्या आधी जरा थांब की. आपल्याकडं मागचा इंडिकेटर पिवळा म्हणजे अंबरच पाहिजे. अमेरिकेत लाल चालतोय, तिथल्या गाड्यांचे फोटो बघून पोरं येडी होतात, पण तिथल्याच सरकारी रस्ता सुरक्षा खात्यानं 2009 मध्ये आकडे काढले तर वळताना, लेन बदलताना मागनं धडक बसायचं प्रमाण अंबरवाल्या गाड्यांत साधारण 5 टक्क्यांनी कमी निघालं. सोपं हाय, ब्रेक लाल आणि इंडिकेटर पण लाल, मग मागच्याला ब्रेक मारला का वळतोय तेच कळत नाही. चोर्ला घाटात पावसाळ्याच्या धुक्यात नाहीतर हंगामात निपाणीकडं उसाच्या ट्रॉल्यांमधनं जाताना हे लई महत्त्वाचं (त्या ट्रॉल्यांना बऱ्याचदा इंडिकेटरच नसतोय, त्यांचं काय बोलायचं).

लॅम्पची काच क्लिअर असली तर चालतंय, आतला बल्ब अंबर घे. बऱ्याच गाड्यांत त्या बल्बच्या पिना मुद्दाम तिरक्या असतात, पांढऱ्याच्या होल्डरमध्ये बसत नाही, दाबून बसवू नको. एलईडी टाकलास की टिकटिक एकदम फास्ट होणार, करंट कमी ओढतोय म्हणून जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बल्ब उडाला असं वाटतंय. एलईडीवाला फ्लॅशर रिले टाक, काहीजण करंट वाढवायला रेझिस्टर जोडतात, पण तो लई तापतो, मला तो प्रकार पटत नाही. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकलं पाहिजे.

आणि लॅम्पच्या काचेवर काळी फिल्म तर अजिबात नको, दुपारच्या उन्हात काय दिसत नाही बघ.