गेट वे ऑफ इंडियाचं लेगो मॉडेल स्वतः करायचं आहे, तयार सेट मिळाला नाही. किती विटा लागतील आणि खर्च किती येईल?

‘किती विटा’ हा प्रश्न दिसला की राहवत नाही. त्या आकड्यानं काहीही कळत नाही हो. लेगोचाच आयफेल टॉवर बघा. 2007 चा सेट 3,428 तुकड्यांचा, 2014 चा आर्किटेक्चर मालिकेतला 321 चा आणि 2022 चा 10,001 तुकड्यांचा, जवळपास दीड मीटर उंच. टॉवर तोच. ताजमहालाचंही तेच, 2017 चा 5,923 चा आणि 2021 चा 2,022 चा. आधी स्केल ठरवा, विटा नंतर मोजता येतात.

आता स्केल कशावरून ठरवायचं? आमच्या लेगोवाल्यांतल्या एका गड्याचा हट्ट असतो की आधी मिनिफिगर उभा करायचा आणि इमारत त्याच्या मापानं बांधायची. चार सेंटिमीटरचा बाहुला म्हणजे साधारण 1:42. गेट वे सुमारे 26 मीटर उंच आहे, म्हणजे मॉडेल 62 सेंटिमीटर उंच होणार आणि रुंदी वेगळीच. घरात ठेवणार कुठे? दुसरे लोक उंचीपासून सुरू करतात. तेही चूक. सुरुवात मधल्या कमानीपासून करायची. भिंत हवी तेवढी रुंद करता येते, कमान नाही, कारण तिरके तुकडे ठरावीक कोनांतच मिळतात.

अर्धगोल कमानीचे तयार तुकडे वापरू नका. गेट वेची कमान टोकदार आहे, गोल कमान लावली की रेल्वेच्या पुलासारखं दिसतं. उलटे स्लोप, म्हणजे खालून तिरके असलेले तुकडे, घ्या. (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, लांबी त्यातच मोजतात.) प्रत्येक बाजूला खाली 75 अंशाचा (3 विटा उंच, 1 स्टड पुढे येतो), त्यावर 45 चा (1 वीट उंच, 1 स्टड पुढे), त्यावर 33 चे दोन (प्रत्येकी 1 वीट उंच, 2 स्टड पुढे). एका बाजूनं 6 स्टड पुढे आले, म्हणजे गाळा (कमानीखालची मोकळी जागा) 12 स्टडचा आणि कमानीचा चढ 6 विटांचा. खाली उभट, वर पसरट, हीच तर त्या कमानीची ठेवण आहे. गाळा मोठा हवा असेल तर 33 चा आणखी एक थर द्या. एकदम 4 स्टड वाढतील. मग समोरून, शक्य तितक्या लांबून, कॅमेरा वरच्या दिशेनं न कलवता काढलेला फोटो घ्या, त्यात गाळ्याचं एकूण उंचीशी प्रमाण मोजा. 26 मीटरवरून स्केल आपोआप निघतं. 1:100 च्या आसपास आलं तर उत्तम, कारण तेव्हा उंची बरोबर 27 विटा होते (259.2 मिलिमीटर).

बहुतेकांची कमान बांधतानाच कोसळते. प्रत्येक स्लोप खाली एकाच स्टडवर उभा असतो, बाकीचा हवेत. त्यामुळे त्याच्या मागचा सांधा लगेच वरच्या थरातल्या विटेनं दाबला गेला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की संपलं. दोन्ही बाजू एकदम चढवा आणि टोकं भिडली की त्यावर सलग 2×16 ची प्लेट (विटेच्या एक तृतीयांश जाडीचा तुकडा) ठोका, म्हणजे गाळ्याच्या दोन्हीकडे दोन-दोन स्टड पकडीत येतात. रुंदी सम ठेवा, कमानीचं टोक दोन तुकड्यांच्या सांध्यावर येतं. विषम झाली तर अर्धा स्टड सरकवायला जम्पर प्लेटा (मधोमध एकच स्टड असलेल्या) घालत बसावं लागतं.

आराखडा साध्या चौकटीच्या कागदावर काढून एक चौकोन म्हणजे एक वीट धरू नका. स्टड 8 मिलिमीटरचा, वीट 9.6 ची, इमारत 20 टक्के उंच होते आणि हे छपरापर्यंत पोचल्यावर लक्षात येतं. जाळ्यांसाठी 1×2 ची खाचेची टाइल (वर स्टड नसलेला चपटा तुकडा) आडवी वळवून बसवा. 5 प्लेटा म्हणजे 2 स्टड, एवढं गणित पाळलं तर फट राहत नाही. मात्र खाचा आरपार नसतात. आरपार जाळी हवी तर कुंपणाचा 1×4 चा तुकडा लावून मागे काळ्या विटा ठेवा. रंग टॅन, म्हणजे फिकट वाळूसारखा. पिवळा बेसाल्ट आहे म्हणून पिवळ्या विटा घेणारे महाभाग असतात, त्यांचं मॉडेल टॅक्सीच्या टपासारखं दिसतं. वेगवेगळ्या खेपांचा टॅन किंचित वेगळा असतो, म्हणून विटा आधी सगळ्या एकत्र मिसळा. आतला भराव कुठल्याही रंगाचा चालतो, तिथे टॅन वाया घालवू नका.

विटांचा आकडा हवाच असेल तर: 48 स्टड लांब, 27 विटा उंच अशी एकेरी भिंत 1×4 च्या विटांनी बांधली तर 324 लागतात. यावरून चारही बाजूंचा हिशोब करा, कमानींचे गाळे वजा करा. खर्च दर आठवड्याला बदलतो, ब्रिकलिंक या सुटे लेगो तुकडे विकणाऱ्या वेबसाइटवर यादी चढवून बघा. मॉडेल आधी संगणकावर बांधून बघायच्या स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात रंगवता येतो, प्रत्यक्षात तो टॅनमध्ये निघालेला असेलच असं नाही. हे ऑर्डरआधी तपासा. गोंद लावायचा असेल तर लेगो कशाला, पुठ्ठ्याचं करा.

हां, एक राहिलं. वरचे आकडे 1:100 साठी आहेत. 1:200 ला 33 चे स्लोप जाड दिसतात, जाळीही एका टाइलवर भागवावी लागते.

आणि घुमट. ‘घुमट नाही तर कसला गेट वे’ हे मी त्याच मिनिफिगरवाल्याकडून ऐकत आलोय. मधला घुमट 15 मीटर व्यासाचा आहे हे खरं, 1:100 ला जवळपास 19 स्टड. पण समोरच्या फोटोत दिसतात ते चार कोपऱ्यांचे मनोरे, घुमट नाही. मनोऱ्यांना 2×2 च्या गोल विटा आणि वर छोटा डोम पुरतो. घुमट करायचाच असेल तर छप्पर टाइलवर टेकवा, फक्त चार जम्परांनी पकडा. ज्याला बघायचाय तो छप्पर उचलून बघेल.