कायोटी आणि आपलं कोल्हं

प्रश्न: कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कायोटी (कोल्ह्यासारखे तिकडचे जंगली प्राणी) म्हणे सीझनप्रमाणे खाणं बदलतात, खरंय का? आपल्याकडचं कोल्हंपण तसंच करतं काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर: खरंय की! हे प्राणी १९८० च्या दशकात गोठलेल्या समुद्रावरून त्या बेटावर आले असं मानतात. मे-जूनमध्ये कॅरिबू हरणांना पाडसं होतात तेव्हा यांचा डोळा त्यांच्यावर, मग उन्हाळा सरताना ब्लूबेरी पिकल्या की त्या भरपूर खातात, आणि थंडीत ससे नाहीतर मेलेल्या मूसचं (तिकडच्या मोठ्या हरणाचं) मांस, जे गावेल ते. आपलं कोल्हंपण उंदीर, खेकडे खातं, बोरं पिकली की बोरं, ऊस गोड झाला की तोही चघळतं. फडात दिसलं तर हाकला, पण विष तेवढं घालू नका हो, शेतातले उंदीर तेच कमी करतं.