ह्युगो पुरस्कार कोणत्या लघुकथेला मिळेल, हे आधी ओळखता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दरवर्षी ह्युगो या विज्ञानकथांच्या नावाजलेल्या पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या सहाही लघुकथा तुम्ही वाचता, मित्रांशी पैज लावता आणि हरता. तुम्हाला सगळ्यात भारी वाटलेली कथा काही जिंकत नाही. मग अंदाज बांधायचा तरी कसा?

कथा जरूर वाचा, पण पैज लावताना त्या बाजूला ठेवा आणि मतमोजणी बघा. ह्युगोला परीक्षक मंडळ नसतं. वर्ल्डकॉन या विज्ञानकथाप्रेमींच्या वार्षिक संमेलनाचं त्या वर्षीचं सभासदत्व ज्यांनी पैसे भरून घेतलंय, ते मत देतात. २०२४ साली ग्लासगोच्या वर्ल्डकॉनला एकूण ३,८१३ मतपत्रिका आल्या. त्यातल्या ३७७ बनावट म्हणून बाद केल्या, म्हणजे उरले साडेतीन हजारसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीची मतदारयादी याहून मोठी असते.

आणि मतदान पसंतीक्रमाचं. आपल्या पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीची मतं मोजता मोजता रात्र होते, तसाच प्रकार. समजा, १,००० मतपत्रिका आहेत. 'क' कथेला पहिल्या पसंतीची ३०० मतं, 'ख' कथेला २६०, आणि बाकी चौघींत मिळून ४४०. 'क' अशी की निम्मे लोक तिच्यावर फिदा आणि निम्म्यांनी तिला तळाला टाकलेलं. 'ख' बऱ्याच जणांची दुसरी. शेवटच्या कथा एकेक करून बाद होत जातात, त्यांची ४४० मतं पुढे सरकतात आणि त्यातली १५० 'क'ला, २९० 'ख'ला जातात. निकाल : ४५० विरुद्ध ५५०. पहिल्या फेरीत पुढे असलेली 'क' घरी. तुमचं चुकतंय ते बहुधा इथेच. तुम्ही 'क' शोधताय, बक्षीस 'ख'ला मिळतं.

याचा अर्थ जिंकणारी कथा गुळमुळीत असते असं नाही. एस. एल. ह्युआंग यांची २०२०ची विजेती कथा घ्या. महासंहारक शस्त्र वापरायचं तर त्याचे संकेतांक एका लहान मुलीच्या शरीरात, हृदयाजवळ ठेवलेले; राष्ट्राध्यक्षाला ते हवे असतील तर आधी स्वतःच्या हाताने तिला मारावं लागेल. ऐकूनच पोटात गोळा येतो. पण ती समजायला सोपी आहे, भावनेला थेट हात घालते आणि कुणाला चीड आणत नाही. माझी पहिली चाचणी हीच: कथा एका वाक्यात दुसऱ्याला सांगता येते का, आणि ती न आवडणारा माणूससुद्धा तिला निदान तिसरा क्रमांक देईल का?

दुसरी खूण नेब्युलाची. तो पुरस्कार अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेचे सभासद देतात आणि निकाल मे-जूनमध्ये, म्हणजे ह्युगोचं मतदान संपायच्या आधी लागतो. २०१६ ते २०२५ ही दहा वर्षं मी ताडून पाहिली. त्यातल्या सात वर्षी नेब्युला मिळालेली कथा ह्युगोच्या यादीतही होती आणि सातपैकी चार वेळा (२०१७, २०१८, २०२२, २०२३) तीच जिंकली. डोळे मिटून एक नाव काढलं तर शक्यता सहात एक. त्या मानाने हे फारच बरं. पण उरलेल्या तीन वेळा बोटं भाजली असती. २०२५मध्ये इसाबेल किम यांच्या, ओमेलास या उर्सुला ले ग्विन यांच्या कथेतल्या काल्पनिक शहरावरच्या कथेला नेब्युला मिळालं, चर्चाही तिचीच. ह्युगो मात्र न्घी व्हो यांच्या, कापडातून माणसांचा इतिहास जाणवणाऱ्या शिवणकामवालीच्या कथेला. किम यांची कथा तिरकस, बोचरी, मुद्दाम डिवचणारी. माझ्या मते ती अस्सल 'क' होती.

कुठे छापली, हेही बघा. या दहा वर्षांतल्या नऊ विजेत्या कथा मुळात जालावर फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकांत आल्या: अनकॅनी, क्लार्क्सवर्ल्ड, एपेक्स, टॉर डॉट कॉम. फक्त २०१७ची अमल एल-मोहतार यांची कथा मुळात एका संग्रहातली. कारण उघड आहे. अंतिम यादीही सभासदांच्याच नामांकनांतून ठरते, आणि वर्षभरात इतक्या कथा येतात की ही मतं भाताच्या शितांसारखी विखुरतात. पूर्वी यादीत यायला किमान पाच टक्के नामांकनं लागत. २०१३ साली तेवढी फक्त तीनच कथांना मिळाली, म्हणून यादीच तिघींची. अशा वेळी जिचा दुवा मित्राला पाठवता येतो तीच तरते. अंतिम यादी लागल्यावर मात्र हा फायदा जवळपास संपतो, कारण मतदारांना सगळ्या कथा एकत्र पाठवायची पद्धत आहे.

लेखकाच्या नावावर फार भिस्त ठेवू नका. नेओमी क्रित्झर २०१६ आणि २०२४ अशा दोनदा जिंकल्या, केन लिउ २०१२ आणि २०१३ लागोपाठ, हे खरं. पण रिबेका रोनहॉर्स यांची २०१८ची कथा ही त्यांची छापून आलेली पहिलीच लघुकथा होती. (मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा लेखक होते 'नारायण विनायक जगताप', म्हणजे टोपणनावाने लिहिणारे जयंत नारळीकर. तिथे पैज लावणाऱ्याचं काय झालं असतं, विचार करा!)

शास्त्र किती आहे, यावर तर मुळीच जाऊ नका. पुरस्कार विज्ञानकथेचा म्हणून ओळखला जात असला तरी अद्भुतकथाही त्यात चालते. २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५ या चारही वर्षी अद्भुतकथाच जिंकली. काटेकोर भौतिकशास्त्राच्या कथेवर पैसे लावणारे मित्र असतील तर त्यांना दुखवू नका, तुमचं उत्पन्न तेच आहे.

काही वर्षांच्या निकालांवरून मात्र फारसा अंदाज बांधू नये. २०१५मध्ये एका गटाने ठरवून नामांकनं भरली, तर मतदारांनी चिडून 'कुणालाच नाही' हा पर्याय निवडला आणि लघुकथेचा पुरस्कारच दिला गेला नाही. २०१६मध्ये क्रित्झर यांची कथा पहिल्या जाहीर यादीत नव्हतीच. एका लेखकाने माघार घेतली म्हणून ती आत आली आणि जिंकली. २०२३च्या, चीनमधल्या चेंग्डूच्या वर्ल्डकॉनच्या यादीत सहापैकी चार चिनी कथा, तरी विजेती अमेरिकन सामंथा मिल्स यांची. पुढे त्या वर्षीच्या नामांकनांतला गोंधळ बाहेर आला, तेव्हा मिल्स यांनी स्वतःच आपण तो ह्युगो धरत नसल्याचं जाहीर केलं.

तेव्हा पैज एप्रिलमध्ये, यादी लागली की लगेच लावू नका. नेब्युला होईपर्यंत थांबा. नेब्युलाची विजेती ह्युगोच्या यादीत असेल आणि कुणाच्या डोक्यात जाणारी नसेल, तर सरळ तिच्यावर लावा. डोक्यात जाणारी असेल तर अनकॅनीतली, एका वाक्यात सांगता येणारी, हळवी कथा निवडा. नेब्युलाची विजेती यादीत नसेल, तर मित्रांकडे दोन नावांची सवलत मागा.